अर्जदार मयत, दावा हयात

झीगमुंड कार्नर २६ सप्टेंबर २००० रोजी वारले. व्हिएन्नातल्या एका भाड्याच्या घरासाठी ते भांडत होते. तेच गेल्यावर घराचा प्रश्न उरला नाही. आईने वारसा नाकारला, आणि ज्याच्या घरावरून हे सगळं उद्भवलं तो जोडीदार सहा वर्षांपूर्वीच गेला होता. तरीही कार्नर यांच्या नावाचा खटला पुढे जवळजवळ तीन वर्षं स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात चालला आणि २४ जुलै २००३ रोजी ते तो जिंकले. मेलेला माणूस खटला जिंकतो म्हणजे नेमकं कोण जिंकतं, हा या लेखाचा विषय आहे.

आधी खटला काय होता ते पाहू. कार्नर १९८९ पासून आपल्या मित्राबरोबर त्याच्या भाड्याच्या घरात राहत होते. खर्च दोघांत वाटलेला. मित्राला एड्स झाला तेव्हा त्याचं सगळं कार्नर यांनीच केलं. १९९४ मध्ये तो वारला. मृत्युपत्रात त्याने कार्नर यांनाच वारस नेमलं होतं. पुढच्याच वर्षी घरमालकाने घर खाली करून घेण्यासाठी दावा लावला. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या जोडीदाराला भाडेहक्क मिळतो, अशी ऑस्ट्रियाच्या कायद्यात तरतूद होती. खालच्या दोन्ही न्यायालयांनी ती कार्नर यांना लागू केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिसेंबर १९९६ मध्ये निकाल फिरवला. १९७४ साली तरतूद लिहिताना कायदेमंडळाच्या डोळ्यांसमोर स्त्री-पुरुष जोडपीच होती, दोन पुरुष नव्हते, असं त्याचं म्हणणं. कार्नर स्ट्रासबर्गला गेले आणि निकालाची वाट पाहता पाहता वारले.

ऑस्ट्रिया सरकारचं म्हणणं सरळ होतं: अर्जदार नाही, वारस नाही, तेव्हा फाइल बंद करा. सातपैकी सहा न्यायाधीशांनी ते मानलं नाही. मानवाधिकाराच्या खटल्याला नैतिक बाजूही असते, असं त्यांनी म्हटलं. या न्यायालयाचं काम एका माणसाला दाद देण्यापुरतं नाही. साऱ्या सदस्य देशांत हक्कांची पातळी काय असावी हे ठरवणं हेही त्याचं काम आहे, आणि हा प्रश्न ऑस्ट्रियातल्या कितीतरी लोकांचा आहे. खटला चालू राहिला आणि भेदभाव झाल्याचा निकाल लागला. कार्नर यांना त्यातून काही मिळणार नव्हतं. पण ऑस्ट्रियातल्या तशा प्रत्येक जोडीदाराचं घर त्यामुळे शाबूत राहिलं.

बांधाचा दावा आणि थोबाडीचा दावा

खटला माणसामागे उरतो, हे आपल्याला नवं नाही. तालुक्याच्या कोर्टात आजोबांनी लावलेला जमिनीचा दावा नातू चालवत असतो, हे कुणालाही सांगावं लागत नाही. पक्षकार वारला की वकील पुरसिस देतो, मयताचे वारस रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज होतो आणि पुढची तारीख पडते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २२व्या आदेशात याची सगळी रीत आहे. वारस आणायला नव्वद दिवस. ते हुकले तर दावा त्या पक्षकारापुरता 'अॅबेट' होतो, म्हणजे बसतो. बसलेला दावा उठवायला आणखी साठ दिवस.

पण ही सोय सगळ्या दाव्यांना नाही. व्यक्तिगत दावा व्यक्तीबरोबर मरतो, असं एक जुनं लॅटिन सूत्र इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आलं. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३०६ मध्ये ते आजही आहे. माणसाचे बहुतेक दावे वारसांकडे जातात. बदनामी, मारहाण आणि मृत्यू न ओढवलेली शारीरिक इजा यांचे दावे जात नाहीत. शेजाऱ्याने बांध कोरला तर त्याचा दावा नातवापर्यंत जातो. शेजाऱ्याने थोबाडीत मारली तर तो दावा मार खाणाऱ्याबरोबर सरणावर जातो. खुद्द इंग्लंडने हे सूत्र १९३४ साली बरंचसं मोडीत काढलं. बदनामीसारखे काही अपवाद तेवढे ठेवले.

मानवाधिकारांच्या तक्रारी बहुतेक करून या दुसऱ्या गठ्ठ्यातल्याच असतात: मारहाण, बेकायदा कैद, अवहेलना, नावाला लागलेला डाग. म्हणजे ज्याच्यावर सरकारचा हात सर्वांत जड पडतो, त्याचाच दावा सर्वांत अल्पायुषी. त्यात भर म्हणजे असे अर्जदार बहुधा आजारी असतात, म्हातारे असतात किंवा कोठडीत असतात, आणि समोरचा पक्षकार, म्हणजे राज्य, कधीच मरत नाही. तारखा लांबवण्यात कुणाचा फायदा आहे हे यावरून समजावं.

स्ट्रासबर्गची दोन दारं

स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने या प्रश्नावर गेल्या काही दशकांत जेवढा विचार केला तेवढा क्वचितच कुणी केला असेल. त्याने दोन दारं वेगळी केली. स्वतः अर्ज करून मग वारलेल्यांचं एक, अर्ज होण्याआधीच वारलेल्यांचं दुसरं.

पहिलं दार रुंद आहे. जवळचा नातेवाईक पुढे आला आणि खटला चालवण्यात त्याचा खरा रस आहे असं दिसलं, तर खटला सहसा चालू राहतो. रोमानियातले पत्रकार दालबान यांना बदनामीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. ते १९९८ मध्ये वारले. त्यांच्या पत्नीने खटला धरून ठेवला. ती शिक्षा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होती, असं १९९९ मध्ये न्यायालयाने जाहीर केलं. बाईंना नवऱ्याच्या नावावरचा ठपका पुसायचा होता, आणि न्यायालयाला एवढं पुरेसं वाटलं.

कुणी पुढे आलंच नाही तर काय होतं, हे १९९४ च्या एका स्विस खटल्यात दिसलं. झुरिकमधल्या एका दुकानदाराला समलिंगी चित्रपट दाखवल्याबद्दल शिक्षा झाली होती. त्या वेळी न्यायालयाआधी मानवाधिकार आयोगाची पायरी असे. आयोगाने त्याच्या बाजूने मतही दिलं होतं. पण निकाल लागण्याआधीच तो वारला. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने खटला पुढे नेण्याची इच्छा दाखवली नाही. न्यायालयाने खटला यादीतून काढून टाकला. नऊ वर्षांनी कार्नर यांच्याबाबत त्याच न्यायालयाने जे केलं, ते या पार्श्वभूमीवर केलं.

दुसरं दार अरुंद. माणूस अर्ज करण्याआधीच गेला असेल, तर जीविताचा हक्क आणि छळ या बाबतींत नातेवाईक अर्ज करू शकतात; बाकीचे हक्क बहुधा त्या माणसाबरोबर जातात. स्पेनच्या रामोन साम्पेद्रो यांची गोष्ट इथली सीमारेषा दाखवते. १९६८ साली, पंचविशीत, समुद्रात उडी घेताना मानेला इजा होऊन ते गळ्याखाली कायमचे लुळे झाले. आपल्याला मरायला मदत करणाऱ्यावर गुन्हा लागू नये, म्हणून ते १९९३ पासून स्पेनच्या न्यायालयांत भांडत होते. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी गुपचूप मिळवलेलं विष घेतलं. तेव्हा त्यांचा अर्ज संविधान न्यायालयात पडूनच होता. त्यांनी वारस नेमलेल्या भावजयीने तो पुढे चालवू द्यावा म्हणून मागणी केली. स्पेनने नकार दिला आणि ऑक्टोबर २००० मध्ये स्ट्रासबर्गनेही. स्वतःच्या मरणाबद्दलचा हक्क इतका ज्याचा त्याचा असतो की तो कुणाच्या नावे करून देता येत नाही, असा त्या निर्णयाचा सूर होता. स्पेनने इच्छामरणाचा कायदा केला तो २०२१ मध्ये.

हा निर्णय कठोर वाटला तरी त्यामागचं भय खोटं नाही. मेलेल्याला आता विचारता येत नाही. त्याच्या नावाने कोण काय मागेल, भरपाईसाठी मागेल की आपल्या संघटनेच्या अजेंड्यासाठी, याला लगाम हवा. पण लगाम फार आवळला तर काय होतं, हे रोमानियातल्या एका मुलाच्या खटल्याने दाखवलं.

ज्याचं कुणीच नव्हतं

व्हॅलेंटिन कम्पेआनु १९८५ साली जन्मला, रोमा समाजातला. जन्मताच टाकून दिलेला. अनाथालयात वाढला, लहानपणीच एचआयव्हीची लागण झाली, बौद्धिक अपंगत्व तीव्र होतं. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर बालकांच्या संस्थेत ठेवता येईना. कायद्याने त्याला पालक नेमून द्यायला हवा होता. तो कुणी नेमला नाही. एका संस्थेतून दुसरीकडे करत फेब्रुवारी २००४ मध्ये तो पोयाना मारेच्या मनोरुग्णालयात पोहोचला. २० फेब्रुवारीला 'सेंटर फॉर लीगल रिसोर्सेस' या स्वयंसेवी संस्थेचे लोक पाहणीसाठी तिथे गेले, तेव्हा तो थंडीच्या दिवसांत ऊब नसलेल्या खोलीत एकटा होता. पलंगावर अंथरूण-पांघरूण नव्हतं. अंगात फक्त पायजम्याच्या जोडीतला सदरा. लागण होईल या भीतीने कर्मचारी त्याला हात लावत नव्हते. त्याच संध्याकाळी तो मेला.

संस्थेने तक्रारी केल्या, त्या देशात बंद झाल्या. ती स्ट्रासबर्गला गेली तेव्हा सरकारने विचारलं: तुम्ही याचे कोण? नातं नाही, वकीलपत्र नाही. हरकत कायद्याच्या दृष्टीने बरोबर होती. पण ज्याला पालक नेमून द्यायची जबाबदारी सरकारची होती, त्याला पालक नाही ही सबब त्याच सरकारने पुढे करायची, यातली लबाडी मोठ्या पीठाला दिसली. १७ जुलै २०१४ च्या निकालात न्यायालयाने असाधारण परिस्थिती म्हणून संस्थेला त्याची प्रतिनिधी मानलं आणि जीविताच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. संस्थेला बाहेर ठेवलं असतं, तर मुलाला बेवारस ठेवण्याच्या चुकीचं बक्षीस सरकारलाच मिळालं असतं.

रशियाच्या सर्गेई मॅग्निट्स्की प्रकरणात गाडी उलट दिशेने धावली. करतज्ज्ञ मॅग्निट्स्की यांनी सरकारी अधिकाऱ्यांवर मोठ्या करघोटाळ्याचे आरोप केले होते. १६ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या ३७व्या वर्षी, ते मॉस्कोत कोठडीत मेले. त्यांनी हयातीत स्ट्रासबर्गला केलेला अर्ज पत्नी आणि आईने पुढे चालवला. दरम्यान रशियाने स्वतःचा खटला थांबवला नाही. मेलेल्या माणसावर तो चालवून जुलै २०१३ मध्ये त्याला करचुकवेगिरीत दोषी ठरवलं. आरोपीच्या पिंजऱ्यात कुणी नाही आणि शिक्षा भोगायला कुणी नाही, असा तो खटला. ऑगस्ट २०१९ मध्ये स्ट्रासबर्गने कोठडीतल्या हेळसांडीबरोबर या मरणोत्तर खटल्यालाही न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग ठरवलं. स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्याला दोषी ठरवता येत नाही, पण त्याच्यावर झालेल्या अन्यायाची चौकशी करता येते. मेलेल्या माणसाच्या बाबतीत राज्याचे हात बांधलेले हवेत आणि त्याच्या माणसांचे मोकळे.

तळोजा, नागपूर, परभणी

आता आपल्याकडे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३९४, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३५. दोषी ठरलेला माणूस अपील चालू असताना वारला तर दंडाचं सोडून बाकी अपील बसतं. एक पळवाट आहे, आणि ती चांगली आहे: फाशीच्या किंवा तुरुंगवासाच्या शिक्षेविरुद्धचं अपील जवळचा नातेवाईक तीस दिवसांत परवानगी मागून चालू ठेवू शकतो. 'जवळचा नातेवाईक' म्हणजे आई-वडील, पती-पत्नी, मुलं-नातवंडं, भाऊ-बहीण. यादी इथे संपते.

जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांचे सहकारी या यादीत बसत नव्हते आणि स्वामींचं प्रकरणही या कलमात बसत नव्हतं. ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना रांचीत अटक केली आणि तळोजा तुरुंगात आणलं. वय ८३, कंपवाताचा त्रास. पेला तोंडाशी नेता येईना, म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला, ही गोष्ट तेव्हा देशभर पोहोचली. २२ मार्च २०२१ रोजी विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. त्याविरुद्धचं अपील उच्च न्यायालयात होतं. ५ जुलै २०२१ रोजी त्याचीच सुनावणी होती. त्या दिवशी दुपारी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी न्यायमूर्तींना सांगितलं, की फादर गेले.

आरोप सिद्ध झाले नाहीत आणि खोटेही ठरले नाहीत. खटला उभाच राहिला नव्हता. मागे उरलं ते जामीन नाकारणाऱ्या आदेशातलं सकृद्दर्शनी दोषाचं भाष्य. दोषसिद्धीच नव्हती, तर तिच्याविरुद्ध अपील कसलं? आणि धर्मगुरूला पत्नी-मुलं कुठली? मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे माजी प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हास हे त्यांच्याच जेझुइट संघातले. त्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली. मागणी अशी, की ते भाष्य पुसलं जावं. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि कलम ३९४ मागचं तत्त्व इथेही लागू व्हावं, असा युक्तिवाद. दालबानबाईंनी स्ट्रासबर्गमध्ये जे मागितलं होतं, तेच हे मागणं. आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला, की स्वामींच्या संगणकात बाहेरून फायली घुसवल्या गेल्या होत्या. अशा अहवालाची खरी परीक्षा उलटतपासणीत व्हायची असते. ज्याच्या बचावासाठी ती व्हायची, तो आरोपीच उरला नाही.

काही वेळा निकाल मेलेल्यापर्यंत पोहोचतो. मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी. त्या पाचांपैकी कमाल अन्सारी २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात करोनाने गेले. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सर्व बारा जणांना निर्दोष ठरवलं, त्यांत अन्सारींचंही नाव होतं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत नजीर म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलं नाही. त्याआधी गडचिरोलीचे आदिवासी पांडू नरोटे हे माओवादी संबंधांच्या खटल्यातले प्रा. साईबाबा यांच्यासोबतचे आरोपी अपील चालू असतानाच ऑगस्ट २०२२ मध्ये वारले. नागपूर खंडपीठाने सुटकेचा निकाल दिला तो दोन महिन्यांनी. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, पुन्हा सुनावणी झाली आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुटका. खुद्द साईबाबा त्यानंतर सात महिने जगले.

मृत्यू हाच जेव्हा खटला असतो, तेव्हा आपला कायदा अधिक उदार होतो. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईने, पोलिसांनी नेलेल्या मुलाचं प्रेत रेल्वेरुळावर सापडलं म्हणून १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं आणि १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाई दिली. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल राज्याने थेट भरपाई द्यायची, हा नियम त्या निकालाने पक्का केला. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या प्रकरणात अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत वारले. त्यांची आई औरंगाबाद खंडपीठात गेली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला; राज्याने त्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळलं. कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी कायद्यानेच सक्तीची आहे, आणि मानवी हक्क आयोगाकडे पीडिताच्या वतीने कुणीही तक्रार करू शकतो. अट एका वर्षाच्या आत करण्याची.

पण यातला विरोधाभास पाहा. कोठडीत मेलेल्याच्या मृत्यूची दाद आई मागू शकते. त्याच कोठडीत त्याला झालेल्या मारहाणीबद्दल त्याने स्वतः लावलेला नुकसानभरपाईचा दावा मात्र, तो दुसऱ्याच कारणाने मेला, तर मेल्या दिवशी संपू शकतो.

काय बदलायला हवं

न मरणारा अर्जदार हा एक उपाय युरोपने शोधला आहे. हवामानबदलावर स्वित्झर्लंडला न्यायालयात खेचणाऱ्या वृद्ध महिलांनी वैयक्तिक अर्जांसोबत आपल्या संघटनेचाही अर्ज केला. चार वैयक्तिक अर्जदारांपैकी एक मधल्या काळात वारल्या. एप्रिल २०२४ मध्ये मोठ्या पीठाने वैयक्तिक अर्ज ग्राह्य धरले नाहीत. संघटनेचा धरला आणि तिच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे जनहित याचिकेने हे काम अनेक वर्षं केलं आहे. पण एकट्या माणसाच्या कैदेचा, त्याच्या नावाचा प्रश्न संघटनेच्या नावाने लढता येत नाही. तिथे कायदाच बदलावा लागेल.

हे बदल अवघड नाहीत. बँकेत साधी ठेव ठेवताना फॉर्मवर नॉमिनी लिहून घेतात. तुरुंगात दाखल होणाऱ्यालाही तसंच विचारता येईल, की तुझं काही झालं तर तुझा खटला कोण चालवील? मित्र, सहजीवनातला जोडीदार, मठातला सहकारी, संस्था, ज्याचं नाव तो देईल तो. कलम ४३५ च्या यादीत 'नॉमिनी' हा एक शब्द वाढवावा. तीस दिवसांची मुदत मृत्यूच्या दिवसापासून न मोजता, कुटुंबाला लेखी कळवल्याच्या दिवसापासून मोजावी. गडचिरोलीच्या आतल्या गावाला नागपूरची बातमी किती दिवसांनी पोहोचते हे कायदा करणाऱ्यांना माहीत असायला हवं. दोषसिद्धीआधीच वारलेल्याच्या बाबतीत जामिनाच्या आदेशातलं भाष्य आपोआप निष्प्रभ मानावं. आणि उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३०६ मधला मारहाणीचा अपवाद, निदान मारणारा सरकारी नोकर असेल तिथे, काढून टाकावा.

पाच कोटींहून अधिक खटले तुंबलेल्या देशात मेलेल्यांचे खटले कशाला, असं कुणी म्हणेल. उत्तर एवढंच, की ते तुंबले म्हणूनच अर्जदार वाट पाहता पाहता मरतात. उशीर न्यायालयाचा आणि त्याचा लाभ आरोप असलेल्या सरकारला, हा हिशेब कुठल्याही कायद्यात बसू नये.

तोवर वाचकांना एक सांगणं. तुमच्या ओळखीतल्या कुणाची अशी तक्रार किंवा अपील प्रलंबित असेल, तर कागदांच्या प्रती त्याच्या वकिलाखेरीज आणखी एका माणसाकडे ठेवा. पक्षकार वारला की वकीलपत्र संपतं. हा खटला माझ्यामागे अमुक व्यक्तीने चालवावा, असं त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या. आजच्या कायद्याने असा कागद न्यायालयावर बंधनकारक नाही, पण त्या माणसाची इच्छा काय होती याचा तो पुरावा असतो. आणि तो गेला तर दुखवट्यातही एक तारीख लक्षात ठेवा: फौजदारी अपिलासाठी तिसावा दिवस, दिवाणी दाव्यासाठी नव्वदावा.